पेरियारला बोट नको, पायवाट घ्या

मराठी माणसाच्या केरळ सहलीत थेकडीच्या वाट्याला बहुधा एकच रात्र येते. मुन्नारहून दुपारी पोचायचं, साडेतीनची बोट गाठायची, संध्याकाळी वेलची-मिऱ्यांची खरेदी, जमलं तर कलरीपयट्टू या केरळी युद्धकलेचा खेळ, आणि सकाळी अलेप्पीची वाट धरायची. एवढ्यावर पेरियार व्याघ्र प्रकल्प पाहिला असं म्हणणं म्हणजे पायथ्याच्या गावात पिठलं-भाकरी खाऊन गड चढलो म्हणण्यासारखं आहे. इडुक्की भागातलं हे ९२५ चौरस किलोमीटरचं जंगल पायी हिंडायची रीतसर सोय वनखात्याने करून ठेवली आहे. सामान्य पर्यटकाला सदाहरित जंगलात शिरायचं असेल, तर देशात याहून नीट बसवलेली सोय क्वचितच सापडेल.

बोटीचं आधी सांगून टाकू. थेकडीचं तळं म्हणजे मुल्लपेरियार धरणाचा फुगवटा. १८९५ साली धरण पुरं झालं आणि दरीतलं जंगल पाण्याखाली गेलं. त्यातली वाळकी खोडं आजही पाण्यातून डोकं वर काढून उभी आहेत, आणि त्यांवर पाणकावळे, तिरंदाज हे पक्षी पंख वाळवत बसतात. दीड तासाच्या फेरीत हे दृश्य, काठावरचे गवे आणि सांबर, नशीब असेल तर हत्ती, एवढं पदरात पडतं. गुडघ्यांची तक्रार असलेल्या वडीलधाऱ्यांना आणि लहान मुलांना बोट ठीक आहे. त्यांनी सकाळची पहिली फेरी घ्यावी. नंतरच्या फेऱ्यांत ऊन चढतं, माणसांचा आवाज वाढतो आणि जनावरं काठ सोडून आत जातात. लाइफ जॅकेट शेवटपर्यंत अंगावर ठेवा आणि हत्ती दिसला तरी जागेवरून उठू नका. ३० सप्टेंबर २००९ रोजी ‘जलकन्यका’ ही दुमजली बोट याच तळ्यात उलटली आणि ४५ माणसं बुडाली.

आता पायी कार्यक्रमांकडे. ताडोबाभोवतीच्या गावांत ज्यांना ईडीसी (इको-डेव्हलपमेंट कमिटी) म्हणतात, तशा गावकऱ्यांच्या समित्या पेरियारच्या कडेच्या वस्त्यांत १९९६च्या इंडिया इको-डेव्हलपमेंट प्रकल्पापासून उभ्या राहिल्या. त्यांतल्या एका समितीचं नावच ‘एक्स-वयणा’. वयणा म्हणजे रानदालचिनी. तिची साल चोरून काढणाऱ्या, वनगुन्हे अंगावर असलेल्या माणसांनी तो धंदा सोडला आणि १९९८पासून ‘पेरियार टायगर ट्रेल’ ही मुक्कामाची पायपीट चालवायला घेतली. ही नुसती ऐकायला गोड गोष्ट नाही, सेवेचा दर्जा त्यातून आला आहे. ज्याने वर्षानुवर्षं पहारा चुकवून याच वाटा तुडवल्या, त्याला कुठल्या ओढ्यावर कुठली वाट फुटते, ताजी लीद कुठली आणि कालची कुठली, हे शिकवावं लागत नाही. शिवाय ही माणसं पर्यटकांना घेऊन चालतात तेव्हा गस्तही होत असते. फासे, तोडलेली झाडं, परकी पावलं यांच्यावर त्यांची नजर असते. तुमच्या पैशातून त्यांचा पगार निघतो. सहलीला नैतिक म्हणायचं ते कशाच्या जोरावर, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर हेच राहील: तुम्ही तिथे असल्यामुळे जंगलाची राखण वाढते की घटते? इथे ती वाढते.

कार्यक्रम बरेच आहेत. सगळ्यांना सारखा वेळ देण्यात अर्थ नाही.

सर्वांत सोपी तीन तासांची जंगलफेरी, म्हणजे नेचर वॉक. पाच-सहा जणांमागे एक गाईड. पहिल्यांदा येणाऱ्याने इथूनच सुरुवात करावी, आणि सकाळी सातची वेळ मिळत असेल तर दुसरी घेऊ नये. दहानंतर सदाहरित जंगल गप्प होतं.

माझी पहिली शिफारस मात्र बांबू राफ्टिंगची. सकाळी आठला निघायचं, संध्याकाळी पाचला परत. जास्तीत जास्त दहा पाहुणे, सोबत चार-पाच गाईड आणि एक बंदूकधारी वनरक्षक. आधी काठाकाठाने चालायचं, मग बांबूच्या तराफ्यांवर बसून तळ्याचे आतले फाटे वल्हवत जायचं, आणि परत चालत यायचं. इथे इंजिन नाही, म्हणून पाण्यावर उतरलेल्या हत्तींच्या कळपाला तुमची चाहूल लागण्याआधी तो तुम्हाला दिसू शकतो. तराफा संथ असतो आणि वर आडोसा नसतो. पाण्यावरून परतणारं ऊन गालांना आणि मानेच्या मागच्या बाजूला भाजतं, म्हणून रुंद कडेची टोपी आणि पूर्ण बाह्यांचा सदरा हवाच. तराफ्यावर पाय भिजतात. चालायच्या बुटांखेरीज पट्ट्याची चप्पल पिशवीत टाका आणि फोन, कॅमेरा, औषधं जलरोधक पिशवीत ठेवा.

टायगर ट्रेल एका किंवा दोन रात्रींचा असतो. पाच-सहा पाहुण्यांमागे पाच गाईड आणि एक बंदूकधारी रक्षक, असं प्रमाण ऐकून पहिल्यांदा चमत्कारिक वाटतं. पण तंबू, शिधा, भांडी वाहणं, स्वयंपाक, आणि रात्री तंबूंभोवती आळीपाळीने जागता पहारा, हे सगळं त्याच माणसांनी करायचं असतं. जेवण शाकाहारी आणि साधं. पक्का संडास, आंघोळ, फोनची रेंज यांतलं काहीही गृहीत धरू नका. पाण्यापासून साठ-सत्तर पावलं दूर, वीतभर खोल खड्डा, नंतर माती लोटायची, आणि कागद वापरला तर तो पिशवीत घालून परत आणायचा. नाव टायगर ट्रेल असलं तरी वाघ दिसेल या आशेने पैसे भरू नका. पेरियारमध्ये वाघ आहेत, पण ते बहुतेकदा चिखलातल्या ठशात आणि झाडाच्या खोडावर ओढलेल्या नखांत भेटतात.

बॉर्डर हायकिंग हा तमिळनाडूच्या हद्दीकडचा दिवसभराचा चढ. रोज चार-पाच किलोमीटर चालणाऱ्याला, सह्याद्रीत अधूनमधून गड करणाऱ्याला जड नाही. बैठं काम करणाऱ्याने निदान महिनाभर आधी जिने चढायला लागावं. रात्रीची तीन तासांची गस्तफेरीही मिळते, पण तिची शिफारस करताना मन कचरतं. बॅटरीच्या झोतात चमकणारे सांबराचे डोळे दिसतात हे खरं, पण तोच झोत डोळ्यांवर रोखून धरला तर जनावर काही काळ आंधळं होतं. गेलातच तर झोत क्षणभरच टाकायचा आणि खाली वळवायचा, हे निघण्याआधी गाईडशी बोलून घ्या.

आरक्षणात लोक सर्वांत जास्त फसतात. व्याघ्र प्रकल्पाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर नोंदणी होते, आणि थेकडीला लागून असलेल्या कुमळी गावात अंबाडी जंक्शनजवळ इको-टुरिझमचं कार्यालय आहे. कुमळीच्या बाजारात ‘जंगल ट्रेक’, ‘जीप सफारी’ अशा पाट्या लावलेली दुकानं ओळीने आहेत. त्यांच्या जीपा बहुतेक वेळा वेलदोड्याच्या मळ्यांतून आणि कड्यावरच्या ठिकाणांवरून फिरवून आणतात. डोंगर बघायला ते वाईट नाही, पण व्याघ्र प्रकल्पाचा गाभा तो नव्हे, आणि त्या पैशातून राखणदाराचा पगारही निघत नाही. ओळखायची खूण सोपी आहे: पावतीवर वनखात्याचं नाव, गाईडच्या गळ्यात ओळखपत्र, आणि गटाची ठरलेली मर्यादा. ‘कितीही माणसं आणा, करू अ‍ॅडजस्ट’ असं कुणी म्हणालं की तिथून निघा. प्रवेशशुल्क आणि कार्यक्रमाचं शुल्क वेगवेगळं असतं, दर बदलत राहतात, म्हणून जुन्या माहितीवर हिशोब करू नका. परदेशी नागरिकांना जास्त दर लागतो. अमेरिकेहून आलेले नातेवाईक सोबत असतील तर नोंदणी करताना कोणाकडे कुठला पासपोर्ट आहे ते आधीच पाहा. मूळ ओळखपत्र जवळ हवं. लहान मुलांना दिवसभराच्या कार्यक्रमांत घेत नाहीत, वयाची अट पैसे भरण्याआधी विचारा.

आठ-दहा जणांचं कुटुंब असेल तर पायी फेरीला दोन गट पडतात आणि दोन्ही वेगळ्या वाटांनी जातात. यावरून गेटपाशी वाद घालणारे असतात, पण नियम बरोबर आहे. आठ माणसांची रांग जंगलात पंचवीस पावलं लांब होते. पुढच्याने हाताने खूण केली तरी मागच्याला ती पोचत नाही, आणि मागचा बोलतो तो नेमका त्याच क्षणी.

मुक्काम किमान दोन रात्रींचा ठेवा. पहिल्या संध्याकाळी पोचून कागदपत्रं उरकायची, दुसरा पूर्ण दिवस जंगलाला, तिसऱ्या सकाळी हवी तर छोटी फेरी. मुन्नारहून कुमळीपर्यंत घाटातले तीन-साडेतीन तास धरा, कोचीहून साडेचार-पाच, मदुराईहून चार. कोकण रेल्वेने येणाऱ्याने एर्नाकुलमला उतरून पुढे कोट्टायम गाठावं. तिथून कुमळीच्या सरकारी बस मिळतात, वेळ सुमारे चार तास.

कधी जायचं, याला दोन उत्तरं आहेत. जनावरं बघायची असतील तर जानेवारीअखेर ते एप्रिल. तळ्याचं पाणी खाली जातं, काठावर कोवळं गवत उगवतं आणि हत्ती, गवे उघड्यावर येतात. याच दिवसांत वणव्याची भीती असते, त्यामुळे काही वाटा ऐनवेळी बंद होऊ शकतात. जंगल म्हणून जंगल अनुभवायचं असेल तर पावसाळ्याचा शेवट, सप्टेंबर. बेडूक, बुरशी, ऑर्किड, आणि हो, जळवा. आपल्याकडे सप्टेंबरनंतर पाऊस संपला असं धरतात, तो हिशोब इथे चालत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात परतीचा, ईशान्येकडचा मोसमी पाऊस दुपारी गडगडाटासह कोसळतो. आणि मध्य नोव्हेंबर ते मध्य जानेवारी शबरीमलाची यात्रा. ते देवस्थान याच व्याघ्र प्रकल्पाच्या पश्चिम भागात आहे आणि तमिळनाडूकडून येणारे भाविक कुमळीवरून जातात. खोल्या, बस, रस्ता सगळ्यावर ताण येतो. नाताळच्या सुट्टीत जाणाऱ्या मराठी कुटुंबांची पंचाईत होते ती इथेच.

ताडोबाची सवय असलेल्याने डोळ्यांची अपेक्षा बदलून जावं. तिथे साग-बांबूतून उन्हाळ्यात दूरवर नजर जाते, इथे भर दुपारी वीस पावलांपलीकडे हिरवी भिंत. हे जंगल आधी कानांनी वाचायचं. निलगिरी लंगूर, काळं अंग आणि पिंगट डोक्याचं, घुमणारी हाळी देतं. बांबू कडाडून मोडल्याचा आवाज आला की गाईडची पावलं थांबतात, तुमचीही थांबली पाहिजेत. वरून पंखांचा फसाफस आवाज, जणू कुणी मोठं सूप पाखडतंय, तो महाधनेश. शेकरू भीमाशंकरला पाहिलं असेल तर इथे त्याचा रंग जास्त काळा वाटेल. सिंहपुच्छ वानर मात्र थेकडीच्या फेऱ्यांत धरून चालू नका, त्याच्यासाठी जंगलातल्याच गवी या ठिकाणाच्या बाजूला वेगळा दिवस ठेवावा लागतो. दुर्बीण ८×४२ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी आणि ४२ मिलिमीटर भिंगाची, पुरते. कॅमेऱ्याची मोठी भिंगं घेऊन गेलात तर झाडांच्या छताखालच्या अंधारात निम्मे फोटो हलतात.

जळवांबद्दल घाबरवणारं बरंच ऐकू येतं, म्हणून नीट सांगतो. निघताना गुडघ्यापर्यंतचे दाट विणीचे कापडी मोजे मिळतात. पँटचे पाय मोज्यांच्या आत घालायचे, वर नाडी गुडघ्याखाली बांधायची, मग बूट. पँटच्या आत मोजा घातला की जळू सरळ वर चढते; निम्म्या लोकांचं चुकतं ते इथे. थांबाल तेव्हा ओल्या पाचोळ्यावर बसू नका, दर पंधरा-वीस मिनिटांनी शेजाऱ्याचे पाय तपासा. चिकटलीच तर ओढू नका. तिच्या बारीक टोकाशी, जिथे तोंड असतं तिथे, नख त्वचेला समांतर सरकवून पकड सोडवा, मग जाड टोक. मीठ, तंबाखू, काडीची आग यांनी ती सुटते खरी, पण सुटताना पोटातलं जखमेत ओकू शकते आणि जखम चिघळते. शिवाय मीठ किंवा जंतुनाशक ओढ्याकाठी टाकलं तर ते बेडकांच्या त्वचेला बाधतं, आणि पश्चिम घाटातले कितीतरी बेडूक जगात दुसरीकडे नाहीत. जळवेच्या लाळेमुळे रक्त गोठत नाही, म्हणून बराच वेळ ठिपकत राहतं. साबणाने धुवा, कापूस दाबून पट्टी लावा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर पावसाळी फेरी टाळलेली बरी.

कपडे मळखाऊ रंगाचे, लवकर वाळणारे. जीन्स नकोच, भिजली की दोन किलो वजन पायाला बांधल्यासारखं होतं आणि मांड्या सोलवटतात. दिवसाला माणशी दोन लिटर पाणी स्वतःच्या बाटलीत, ओआरएसच्या दोन पुड्या, मोज्यांचा एक जादा जोड, पोंचो. पाठीवरचं वजन मुक्कामाच्या ट्रेकलाही पाच-सहा किलोंवर नेऊ नका. अत्तर, सुवासिक तेल, डिओडरंट यांपैकी काही लावू नका. हत्तीची नजर बेताची, पण नाक असं की वारा तुमच्याकडून त्याच्याकडे वाहत असेल तर तुम्ही त्याला पाहण्याआधी त्याने तुमची मोजदाद केलेली असते. म्हणूनच गाईड मधूनच माती चिमटीत घेऊन सोडतो, वारा बघतो, आणि सरळ वाट सोडून वळसा घालतो. त्या वळशाबद्दल कुरकुर करू नका. ‘अजून थोडं जवळ नेता का’ असं तर मुळीच म्हणू नका. पाहुण्याला खूश करायच्या नादात गाईडवर ताण येतो, आणि पिल्लू असलेली हत्तीण कान पसरून पुढे आली की तो ताण सगळ्यांवर येतो. पक्ष्याला बोलावण्यासाठी फोनवर त्याचाच आवाज वाजवणं हाही त्रासच. नर आपली हद्द राखायला घरटं सोडून धावतो. बोटीच्या धक्क्यावरच्या माकडांना शेंगदाण्याचा दाणाही नको. पिशव्या हिसकायला ती अशाच दाण्यांवर शिकली आहेत.

कुमळीच्या आसपास हत्तीवर बसवून फिरवणारी खासगी ठिकाणं आहेत आणि सहलीचे चालक तिथे आपसूक गाडी नेतात. नाही म्हणा. सकाळी ज्या हत्तीला मोकळा पोहताना पाहिलं, त्याच्याच जातभाईच्या पायात साखळी आणि पाठीवर हौदा पाहून मुलांना काय सांगणार? तसंच मन्नान आणि पलियन या आदिवासींच्या वस्तीत जायचं तर समितीच्या कार्यक्रमातूनच जा, आणि दारात बसलेल्या माणसाचा फोटो विचारल्याशिवाय काढू नका.

उणिवा आहेत. पावसाने कार्यक्रम रद्द झाला तर बदली तारीख किंवा पैसे परत यांचे नियम आधी वाचलेले असावेत. लांब सुट्ट्यांत जागा भराभर संपतात, गट लहान असल्याने त्याला इलाज नाही. माहिती सांगण्याचा दर्जा गाईडगणिक बदलतो. काहींना झाडाचं शास्त्रीय नावही ठाऊक असतं, काही दिवसभरात वीस वाक्यं बोलतात. अडचण बहुधा भाषेची. मल्याळम, तमिळ आणि मोडकं इंग्रजी, हिंदीचा आधार कमीच. चार शब्द पाठ केलेत तर फार फरक पडतो: आना म्हणजे हत्ती, अट्टा म्हणजे जळू, कडुवा म्हणजे वाघ, वेळांबल म्हणजे धनेश. ‘पुली’ ऐकलंत तर मात्र विचारून घ्या, कारण मल्याळममध्ये पुली म्हणजे बिबट्या आणि तमिळमध्ये वाघ. आपण दादा म्हणतो तसं इथे ‘चेट्टा’ म्हणतात. बक्षिशी द्यायची तर एकाच्या हातात न देता सगळ्या चमूला मिळून द्या. रात्री तंबूबाहेर जागणारा तुमच्याशी दिवसभरात एक शब्दही बोललेला नसतो.